स्लाइडसाठी तारा उंच? थांबा!

रेझोनेटर गिटारवर (आवाज मोठा करणारा धातूचा शंकू पोटात असलेली गिटार) स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवर घसरवून वाजवायची तर तारा मानेपासून भरपूर उंच करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चौकोनी मानेच्या, मांडीवर आडव्या धरायच्या गिटारचा आहे. गोल मानेच्या नव्हे. कृपा करून घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो पोटावरचा आधार, वाढवू नका! तारांचा भार घोडीवरून ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूवर येतो. घोडी उंचावली की तारांचा कोन तीव्र होतो, दाब वाढतो आणि शंकू दबून खचू शकतो. आणि आवाजाचा सगळा जीव त्या शंकूतच असतो.

त्यापेक्षा जाड तारा लावा, पहिली ०.०१५ किंवा ०.०१६ इंचाची. ओपन डी, ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजेल अशी जुळणी) लावताना काही तारांचा सूर खाली उतरवावा लागतो, त्या सैल पडतात. जाड तार स्लाइडचं वजन पेलते. तरीही नळी पडद्यांवर खडखडली, तर नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांची खाचदार पट्टी, किंचित उंच करा. एवढ्या उंचीवर मोकळ्या बोटांनी सूरही दाबता येतात.