सामूहिक प्रतिकारशक्ती

वस्तीतल्या बहुतेकांच्या अंगी एखाद्या संसर्गजन्य रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, की रोगाची साखळी तुटते आणि ज्यांना लस घेता येत नाही तेही वाचतात. या संरक्षणाला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. ते फक्त माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगांत मिळते. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत शिरतात. तिथे शेजाऱ्याने घेतलेल्या लसीचा आपल्याला उपयोग नाही.

गोवरचे गणित सर्वांत कडक. विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करतो. १५ धरले, तर साथ वाढू नये यासाठी त्यांतले १४ जण सुरक्षित हवेत. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस देण्याचे उद्दिष्ट असते. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. तोवर तान्ह्या बाळाची भिस्त आजूबाजूच्यांच्या लसीवरच असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाचेही तसेच. ‘माझ्या मुलाचे मी बघेन’ हे म्हणणे त्यामुळे इथे अपुरे पडते.

१९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी एका लेखात अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला, पण भीती मागे राहिली.

सगळी भीती मात्र खोट्या लेखातून येत नाही. प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात जुलै २०१८ मध्ये या लसीची पूड पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली आणि दोन बाळे दगावली. लसीकरण अनेक महिने थांबले, पालकांचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षी गोवर आला आणि जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात ८३ जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुले. डिसेंबरात सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले. ज्यांच्या घरी कुणाची लस राहिली होती त्यांनी दारात लाल कापड बांधायचे, पथके तिथे जाऊन लस देत. अशा वेळी पालकांना अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. चूक कशी घडली हे त्यांना लगेच आणि उघडपणे सांगायला हवे.

कोविडकाळात राहून गेलेल्या डोसांची किंमत मुंबईने २०२२ मध्ये गोवंडीतल्या गोवरच्या साथीत मोजली. तेव्हा साथीच्या भागांत ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याची सूचना केंद्राने केली. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. ते पुढे ठरल्या वेळी द्यावेच लागतात.