मिरचीचं पान कुठल्या बाजूला वळलंय?

मिरचीच्या शेंड्याची पानं आकसली की आपण म्हणतो, 'बोकड्या आला', आणि दुकानातून बाटली आणून फवारून मोकळे होतो. गच्चीवरच्या चार कुंड्यांना ही घाई महागात पडते. बोकड्या म्हणजेच चुरडा-मुरडा हा काही एकच रोग नाही. त्यामागे निरनिराळे जीव असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आधी पान बघा. कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. मिलिमीटरभर लांबीचे, काडीसारखे पिवळसर किडे पळताना दिसतील. ते पान खरवडून रस पितात. तीच होडी पालथी झाली, कडा खाली वळल्या, तर पिवळा कोळी. हा कीटकच नव्हे. मोठा झाला की आठ पायांचा, आणि भिंगाशिवाय दिसत नाही. कीटक नसल्यामुळेच बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लागतं. मात्र गंधक आणि तेल पाठोपाठ फवारू नका, पानं करपतात.

टोमॅटोची पानं बारीक, पिवळी होऊन रोप खुजं राहिलं, तर पांढऱ्या माशीने विषाणू आणलाय असं समजा. अशा रोपाला औषध नाही. जीव तुटतो, पण उपटावंच लागतं, नाहीतर शेजारची कुंडीही जाते.

मावा, म्हणजे शेंड्यावर गर्दी करून रस पिणारे बारीक मऊ किडे, त्याची गोष्ट निराळी. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. सोमवारी दोन-चार दिसलेला मावा पुढच्या आठवड्यात सगळा शेंडा व्यापतो, तो यामुळे. रोपावर मुंग्यांची रांग दिसली तर पानं उलटून पाहा. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

आणि इथेच आपल्या हातून सगळ्यात मोठी चूक होते. माव्याच्या गर्दीत काळपट, फिकट ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी फिरताना दिसते. दिसायला भीतिदायक, म्हणून आपण तीच आधी चिरडतो. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी. मी भिंगातून पाहिलंय: ती मावा जबड्यात धरते, आतला रस शोषते, रिकामं टरफल टाकते आणि लगेच पुढच्याकडे वळते. जहाल औषधाने मावा मरतो तशी हीसुद्धा मरते. मावा भराभर परत येतो, तिला मात्र वेळ लागतो.

म्हणून माझी पसंती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला, मग कडुनिंबाच्या तेलाला. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर तेल. ते मिसळावं म्हणून थोडा साबण. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किडीला तडकाफडकी मारत नाही. तिची भूक मंदावतं, कात टाकणं बिघडवतं. उन्हात ते विघटित होतं, तेव्हा संध्याकाळी फवारा, आणि पानाच्या खालून.

टोमॅटोत अर्धं अंग खुपसून बसलेली हिरवी अळी हाताने वेचणं उत्तम. तिच्यासाठी बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचवली आहे. या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या कळ्या पसंत करतो. कुंड्यांत एक उंच झेंडू लावा. तो टोमॅटोच्या आधी, पंधरा-वीस दिवस तरी. टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूला कळ्या हव्यात. मग रोज सकाळी त्या कळ्या तपासा.