पार्श्वभूमी : डाकोटा अजून उडतं कसं?

मे २०१८ मध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावर 'परशुराम' नावाचं एक डाकोटा, म्हणजे पंख्याच्या इंजिनांचं जुनं वाहतूक विमान, हवाई दलात दाखल झालं. १९४४ सालचं हे विमान तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. ही भेट आधी एकदा नाकारली गेली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर ती स्वीकारण्याचं ठरलं. विमानावर क्रमांक घातला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक.

डाकोटाचं मूळ विमान म्हणजे डीसी-३. ते पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ला, तेही प्रवासी विमान म्हणून. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच लष्करी आवृत्ती, म्हणजे डाकोटा, दहा हजारांवर बनली. युद्ध संपलं आणि ही विमानं स्वस्तात विक्रीला निघाली. भारतात तेव्हा बऱ्याच विमान कंपन्या निघाल्या, त्या याच जोरावर. १९५३च्या राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती!

नागपूरकरांना तर हे विमान वेगळ्याच कारणाने माहीत होतं. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत जो तो आपल्या गावी परत.

मग हेच का टिकलं? केबिनमध्ये हवेचा दाब राखावा लागत नाही, त्यामुळे प्रत्येक उड्डाणात सांगाडा फुगत-आकसत नाही, धातू लवकर थकत नाही. सुटे भागही अजून मिळतात. उलट लॉकहीडचं स्टारलायनर हे १९५०च्या दशकातलं प्रवासी विमान बघा. लुफ्तान्झा या जर्मन विमान कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेत अशी तीन विमानं घेतली आणि त्यांतलं एक उडवण्यासाठी दहा वर्षं अफाट पैसा ओतला. २०१८ मध्ये नाद सोडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांना घेऊन निघालेलं जुनं युंकर्स-५२ कोसळून २० जण गेले. जुन्या विमानांतून तिकीट लावून माणसं न्यावीत का, हा प्रश्न तेव्हापासून जास्तच टोकदार झाला. माझ्या मते तो रास्तच आहे.

उडवणं म्हणजे रोजची कटकटही आहे. डाकोटाची इंजिनं १४ सिलिंडरची, गोल मांडणीची. विमान उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारला तर इंजिनच मोडायचं. म्हणून आधी पंख्याची पाती हाताने फिरवायची. कुठे अडली तर जोर लावायचा नाही, खालचा प्लग काढून ऑइल वाहू द्यायचं. वर पेट्रोलही शिसं मिसळलेलं लागतं, आणि बहुतेक विमानतळांवर आता जेटचंच इंधन असतं.