गादीच्या पोटात काय?

बेळगावात गणपत गल्लीपासून टिळकवाडीपर्यंत गादीच्या कुठल्याही दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला : "मऊ पायजे का कडक?" दुसरा, "बजेट किती?" आमच्या आजीच्या वेळी हे दोन्ही प्रश्न नव्हते. तेव्हा गादी विकत आणायची नसायची, भरून घ्यायची असायची; आणि विचारायचं ते एवढंच, कापूस कुठला नि किती किलो. बाकी सगळं अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर व्हायचं. आज आपण घेतो त्या गादीचं पोट आपल्याला दिसतच नाही. हे कसं झालं ते कळलं, तर दुकानात उभं राहून काय विचारायचं तेही कळतं.

मुळात गादी ही घरोघरची वस्तू नव्हती. अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात धनगरांच्या, कुरुबांच्या मेंढ्या. तिथं अंथरूण म्हणजे घोंगडं. उन्हाळ्यात ते माळवदावर टाकलं की माणूस हाका मारूनही उठायचा नाही. ऐपत असेल त्याच्याकडं जेन, म्हणजे लोकर न विणता भिजवून, दाबून, लाटून केलेलं जाड अंथरूण. पश्चिमेला खानापूर तालुक्यात मात्र गणित उलटं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडं पाऊस असा, की सारवलेली जमीन चार महिने ओल सोडत नाही. तिथं जमिनीपासून हातभर वर झोपणं ही चैन नव्हती. लाकूडही हाताशी होतं. चार ठावे म्हणजे पाय, चार गाते म्हणजे चौकटीच्या दांड्या, आणि मध्ये सुंभाची वीण, झाली बाज. वीण ढिली पडून मध्ये झोळ आला, की पायथ्याची दोरी ओढून घरातलाच कोणीतरी तो पाच मिनिटांत काढायचा. हा झोळ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वाकळ दोन्हीकडं होती. शहापूर-वडगावच्या मागांवरची, नाहीतर इलकलची लुगडी विरली की त्यांचे थर लावून टाके घालायचे. आपल्याकडं ती वाकळ किंवा गोधडी, शेजारच्या कन्नड घरात तीच कौदी, आणि खानापूर-हल्याळच्या रानातल्या सिद्दी बायकांची कवंदी. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांचे टाके कडेकडून सुरू होऊन मध्याकडं येत जातात, आणि चारी कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. अंगाखाली घेण्याच्या वस्तूला इतका मान दिलेला मी दुसरीकडं पाहिला नाही.

गादी होती ती वाड्यात आणि पेढीवर. लोड, तक्क्या, पांढरी खोळ. बसायची जागा आधी, झोपायची नंतर. म्हणूनच मराठीत 'गादी' म्हटलं की अजूनही राजाचं, मठाधिपतीचं, व्यापाऱ्याचं आसन डोळ्यांपुढं येतं. कन्नडमध्ये त्याला 'गद्दुगे' म्हणतात, आणि अंथरुणाची ती मात्र इकडच्या कन्नडमध्येही 'गादी'च. बेळगावपासून तासाभरावर कित्तूर आहे. तिथं १८२४ साली इंग्रजांनी दत्तक नामंजूर केला आणि राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली, ते गादीसाठीच. आम्ही आपले साडेतीन इंची की पाच इंची यावरून दुकानात भांडतो.

कापूस मात्र आमच्या दारातला. हुबळी-धारवाडच्या काळ्या रानातला देशी कापूस घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जायचा, म्हणून बाजारात त्याचं नावच 'कुमठा' पडलं. १८४०च्या दशकात इंग्रजांनी धारवाडकडं अमेरिकन कापूस लावून बघितला, तो 'धारवाड अमेरिकन' म्हणून रुजला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तेव्हा हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव गगनाला भिडले. १८८७ला गोकाकच्या धबधब्यापाशी सूतगिरणी सुरू झाली. गिरणीला लांब, मऊ धाग्याचा कापूस पाहिजे. गादीला नेमकं उलटं. देशी कापसाचा तंतू आखूड, भरड आणि ताठ; दाबला तरी तो पुन्हा फुगतो. लांब तंतू हाताला कितीही रेशमी लागला तरी अंगाखाली लवकर चपटा होतो. गिरणीनं नाक मुरडलेला माल गादीत उत्तम, ही गोष्ट पिंजाऱ्यांना पक्की ठाऊक होती. उशीत घालायचा तर सावरीचा कापूस. तो इतका हलका की पिंजताना नाकातोंडात जातो, म्हणून ते काम कोणीच खुशीनं करायचं नाही.

पिंजाऱ्यांना इकडं नदाफ म्हणतात. शब्द अरबी, अर्थ कापूस पिंजणारा. गंमत म्हणजे 'मॅट्रेस' हा साहेबी वाटणारा शब्दही युरोपात अरबीतूनच गेला. 'मत्रह' म्हणजे जिथं काही टाकायचं ती जागा. आपण गादी 'टाकतो' म्हणतो, त्यात हाच भाव आहे. वडगावच्या आमच्या घरी दिवाळीनंतर, लग्नसराईच्या आधी, नदाफमामा यायचे. खांद्यावर माणसाच्या उंचीचं पिंजण, त्याला ताणलेली तात, हातात लाकडी मोगरी. जुनी गादी उसवायची. आतून पिवळट, ढेपा झालेला कापूस निघायचा, काठीनं झोडपला की धुळीचा लोट. मग तात कापसात बुडवून मोगरीचा ठोका. टुंय् टुंय् असा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि अर्ध्या तासात अंगणात ढग उतरल्यासारखं दिसायचं. आजी तराजू घेऊन बसलेली. जुना किती निघाला, घट किती, नवा किती घालायचा. एकेरी गादीला आठ-दहा किलो हा आमच्या घरचा हिशेब. पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ पालथी करून तीत कापसाचा थर गुंडाळत आणायचा, काठीनं कोपरे भरायचे आणि दाभणानं टाके. टाके दूर पडले तर कापूस सरकतो, फार जवळ पडले तर गादी दगड होते. "मामा, कोपरा पोकळ लागतोय," असं आजी म्हणाली की एवढं सगळं पुन्हा उघडायचं. मामा कुरकुरायचे, खरं उघडायचे.

तर गादी दर दोन-तीन वर्षांनी उसवता येत होती, हा तिचा खरा गुण. चांगली निघाली तर उत्तम, बिघडली तर दुरुस्त होणारी.

बाहेरच्या जगात तोवर दुसऱ्या जातीच्या गाद्या तयार होत होत्या. जर्मनीत १८७१ साली हाइनरिख वेस्टफाल यानं गादीत स्प्रिंगा घातल्या. १९२९ला डनलप कंपनीनं रबराच्या चिकाला फेस आणून फोम बनवला. तिचं नाव इतकं चिकटलं की आमच्याकडं पुढं कुठल्याही फोमला 'डनलपची गादी' म्हणू लागले. १९३७ला ऑटो बायर यानं पॉलियुरेथेन शोधलं, आजचा स्वस्त-महाग बहुतेक फोम त्याच वंशातला. १९६६च्या सुमारास 'नासा'च्या कामातून विमानाच्या आसनांसाठी दाबला तर हळूहळू वर येणारा फोम निघाला. तोच आज 'मेमरी फोम' म्हणून दुकानात पंजाचा ठसा उमटवून दाखवतात.

आमच्या भागापुरतं महत्त्वाचं साल मात्र १९६२. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन सहा वर्षं झाली होती, सीमेचा वाद तापलेला होता. त्या साली मणिपाळच्या पै मंडळींनी नारळाच्या काथ्यापासून गादी बनवणारी कंपनी काढली, तीच 'कर्लॉन'. काथ्याच्या कुरळ्या धाग्यांवर रबराचा चीक मारून ते दाबून पत्रे करायचे, त्याची गादी. किनाऱ्यावर काथ्या भरपूर, गादीला हवा खेळती, ढेपा होत नाहीत, पिंजायला नको. लग्नाच्या आंदणात कपाट, पलंग आणि काथ्याची गादी अशी जोडी बसली. (२०२३मध्ये ही कंपनी 'स्लीपवेल'वाल्या शीला फोमनं घेतली, भांडणारे दोन्ही ब्रँड आता एकाच घरचे आहेत, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.)

काथ्याची गादी उसवता येत नव्हती. पाच-सात वर्षांनी जिथं कंबर टेकते तिथं खड्डा पडायचा, चीक सुकून भुसा गळायचा, आणि मग ती उलटी करायची, डोकं-पाय बदलायचे, बस, एवढंच. इथून गादीचं ज्ञान अंगणातून उठून लेबलावर गेलं. कापूसही बदलत होता. १९७२ला धारवाडहूनच 'वरलक्ष्मी' हा लांब धाग्याचा संकरित कापूस आला, २००२ला बीटी. रान गिरणीसाठी पिकू लागलं. देशी कापूस मागं पडला तसा गादीत गिरणीचा टाकाऊ कापूस शिरला; तो पिंजला तरी महिन्याभरात बसतो. लोक म्हणू लागले, कापसाची गादी टिकत नाही. गादी तीच होती, पोटातलं बदललं होतं.

याच काळात 'कडक अंथरूण पाठीला चांगलं' हे वाक्य रूढ झालं. खड्डा पडलेल्या गाद्यांवर कंबर धरलेल्या माणसाला डॉक्टर सांगायचे, फळीवर झोपा. त्या गादीपेक्षा फळी बरी, हे खरंच. खरं त्यावरून जितकी कडक तितकी बरी असं समजणं चुकलं. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ला 'लॅन्सेट'मध्ये आला; त्यात कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवरच्या लोकांना जास्त आराम मिळाला. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, कमरेला आधार हवा. बाजेचा झोळ वाईट, फळीही वाईट. आजी कोपरा चाचपायची ती याच मधल्या जागेसाठी.

आता दुकानात. 'ऑर्थोपेडिक' या शब्दावर जाऊ नका. त्यामागं ठरलेलं असं एक माप नाही. मी तोच शब्द वाचून एक गादी घेतली होती, दुकान आणि कंपनी कुठली ते राहू दे. दोन वर्षांत मध्ये परात ठेवता येईल असा खड्डा. हमीचा कागद दाखवला तर म्हणाले, खड्डा इतक्या इंचापेक्षा जास्त पाहिजे, तुमचा त्यात बसत नाही. तेव्हा हमी किती वर्षांची यापेक्षा किती खोल खड्ड्याला ते मानतात हे आधी विचारा. दुसरं, आजीचा तराजू काढा. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. सहा बाय तीन फुटी, चार इंची साधा फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर साधारण साडेपाच किलो भरतो, ४०चा असेल तर पावणेसातच्या पुढं. चार किलोच भरला तर लेबल खोटं बोलतंय. बाँडेड फोम, म्हणजे तुकडे चिकटवून दाबलेला, याच्या दुप्पट-तिप्पट जड आणि घट्ट. तो तळाला चालतो, वर अंगाशी नको. खोळीला चेन असेल तर उघडून दाखवा म्हणावं. पॅकिंगला वापरतात तो पांढरा, करकर वाजणारा फोम आत दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा.

मेमरी फोम थंडीत घट्ट होतो, उन्हाळ्यात मऊ. बेळगावच्या डिसेंबरात पहाटे तो फळीसारखा लागतो आणि एप्रिलात चिकोडीकडं अंगाशी गरम होतो. तिकडच्यांनी वरचा थर पातळ असलेली घ्यावी. झोपून बघताना दुकानात अर्धा मिनिट पाठीवर पडून उठतात, ते निरुपयोगी. नेहमी झोपता त्या कुशीवर दहा मिनिटं पडा, लाज सोडून.

पलंगाचं तर कोणी विचारतच नाही. दांडेलीचं सागवान परवडत नाही म्हणून भुशाच्या फळीचा बॉक्स-पलंग येतो. खानापूर भागातल्या पावसात ती फळी फुगते, आणि बंद पेटीवर ठेवलेल्या गादीच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. पट्ट्यांचा, खालून हवा लागणारा पलंग तिथं बरा. फटी तीन इंचांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर फोम त्यांतून खाली वाकतो. सुताराचं माप फुटात आणि गादीचं इंचात, ७२, ७५, ७८. सुतारानं सहा फुटी पलंग केला आणि गादी ७५ इंची आली की तीन इंच गादी बाहेर लोंबते. आमच्या नात्यात लग्नाच्या आदल्या दिवशी हेच झालं, आणि वऱ्हाडी जेवत असताना मागल्या अंगणात सुतार पायथ्याची फळी काढत बसला होता.

माझी ती खड्ड्याची गादी अजून माळ्यावर उभी आहे. भंगारवाल्यानं घेतली नाही. "कापूस असता तर नेला असता, फोमचं काय करू?" म्हणाला. आईची जुनी कापसाची तेवढी गेल्या मार्गशीर्षात उसवली. नदाफमामांचा नातू आता गाडीवर मोटरचं मशीन घेऊन येतो, पिंजण घरी भिंतीला टांगलेलं आहे म्हणे. नऊ किलो कापूस निघाला, घट पाव किलो. आई तराजूपाशी बसली होती.