‘काहीच नही’ ते ‘झटके खरे आहेत’

खान्देशात अंगणात बाई कोसळली, हातपाय झाडू लागली, की आधी कांदा फोडून नाकाशी धरतात, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. दातखीळ बसली तर चमचा. मग कुणी भगताकडे नेतं, कुणी धुळ्या-जळगावला. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, नॉर्मल येतो आणि घरचे गल्लीत सांगतात, ‘डॉक्टर सांगस, काहीच नही.’ पुढच्या झटक्याला तीच बाई नाटकी ठरते.

मिरगीसारखे दिसणारे, पण मिरगीचे नसलेले असे झटके असतात; त्यांच्यावरचा हा शिक्का जुना आहे. १८७०-८०च्या दशकांत पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारांचे डॉक्टर शार्को असे झटके येणाऱ्या बायकांना भरल्या सभागृहात उभं करून व्याख्यानं देत. १८८५मध्ये तिथे शिकायला गेलेल्या, मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने १८९५मध्ये ब्रॉयर या डॉक्टरसोबत मांडलं, की दडपलेला आघात शरीरातून बाहेर पडतो. विचार मोठा होता, पण चर्चा डॉक्टरांची आपसातली. रुग्णाच्या वाट्याला आला तो ‘हिस्टेरिया’ हा शब्द, आणि त्याची तर शिवीच झाली.

१९२९मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. पुढे आलेखासोबत व्हिडिओही घेता येऊ लागला. झटका चालू असताना मिरगीच्या लहरी नाहीत, डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलते आहे, हे सगळं एकत्र दिसू लागलं. निदान पक्कं झालं, तरी ते सांगायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. निदानालाच सरासरी सात वर्षं लागल्याचं एका जर्मन अभ्यासात दिसलं. तोवर मिरगीच्या गोळ्या चालूच, आणि या झटक्यांवर त्या चालत नाहीत. (काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.)

कलाटणी मिळाली ती सांगण्याच्या पद्धतीतून. २०१०मध्ये ब्रिटनमध्ये ५० रुग्णांना ठरलेल्या क्रमाने समजावलं गेलं, सोबत माहितीपत्रक दिलं: झटके खरे आहेत, तुम्ही मुद्दाम करत नाही, ही मिरगी नाही, मनावरचा ताण शरीर असा दाखवतं, यातून बरं होता येतं. तीन महिन्यांनी १४ टक्क्यांचे झटके थांबले होते, ६३ टक्क्यांचे निम्म्याहून जास्त घटले होते. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे फार नाचायला नको. २०२०मध्ये ३६८ जणांवरच्या मोठ्या चाचणीतही मानसोपचाराची जोड दिलेल्या गटात वर्षभरानंतर झटक्यांची संख्या ठळकपणे कमी दिसली नाही. रोजचं जगणं मात्र सुधारलं होतं.

आपल्याकडे हे समजावणं उलट सोपं जायला हवं, असं मला वाटतं. कानबाई देवीच्या उत्सवात एखादीच्या अंगात आलं तर तिला कुणी नाटकी म्हणत नाही. मन शरीराचा ताबा घेऊ शकतं, हे इथे नवं नाही. फक्त समजावताना सासू आणि नवरा खोलीत हवेत. कांदा त्यांच्याच हातात असतो. त्यांना एवढंच सांगायचं: तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आजूबाजूची विळी-कोयता बाजूला करा आणि झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघा.