गोव्यात चौथीनंतर भाषा का बदलते?

गोव्यातल्या मराठी शाळेत चौथी पास झालेले मूल पाचवीला हायस्कुलात जाते आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दप्तरातली जवळजवळ सगळी पुस्तके इंग्रजी होतात. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, इतिहासही इंग्रजीत. त्यात हिंदीची भर पडते आणि मराठी उरते एका तासापुरती. घरी बोलणे बहुतेकांचे कोंकणीत. पाचवीतल्या कुठल्याही मुलाचे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. इंग्रजी ओळींच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले सापडतील. ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द मूल खडाखडा वाचते. ओले कपडे वाळतात ते यामुळेच का, असे विचारले की गप्प बसते. गेल्या वर्षी मराठीत बाष्पीभवन शिकताना याच मुलाने दोरीवरच्या कपड्यांचे उदाहरण स्वतःहून दिलेले असते.

पाचवी ते आठवीच्या मुलांना धड वाचता-लिहिता येत नाही, ही तक्रार शिक्षक आणि पालक दोघेही करतात आणि खापर फुटते मोबाइलवर. मोबाइलचा वाटा असेलही, पण चौथी-पाचवीमधला हा भाषेचा सांधा त्याच्या फार आधीचा आहे. तो कुणी ठरवून घातलेला नाही. गावातल्या मराठी शाळेचा इतिहास वेगळा, इंग्रजी हायस्कुलाचा वेगळा. पाचवीत हे दोन इतिहास एकमेकांना येऊन मिळतात आणि मधले अंतर दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने ओलांडायचे असते.

बोलायची भाषा एक आणि वाचायची दुसरी, ही गोष्ट गोमंतकात जुनीच आहे. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली श्रीकृष्णाची कथा रचायला घेतली ती मराठी ओवीत. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. तेही मराठी ओवीबद्ध, फक्त लिपी रोमन. हिंदू असो वा नवख्रिस्ती, ऐकण्या-वाचण्याची ग्रांथिक भाषा मुख्यतः मराठी होती. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने लोकांना तीन वर्षांत पोर्तुगीज शिका आणि स्थानिक भाषा सोडा असे बजावले. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत, त्याचे परिणाम खोलवर गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले, त्यामुळे तिथे देवळातली पोथी, कीर्तन आणि मराठी अक्षरओळख टिकली. आजही मराठीचा जोर या भागात जास्त दिसतो, त्याचे मूळ इथे आहे.

ही अक्षरओळख करून द्यायचे शेणवीमाम, म्हणजे गावातले मास्तर. ओसरीवर किंवा देवळाच्या अग्रशाळेत मुले जमत. पाटावर बारीक धूळ पसरून बोटाने धुळाक्षरे गिरवणे, पाढे, पावकी-निमकी, पुढे हिशेब आणि मोडी. भाटकाराचा (जमीनदाराचा) जमाखर्च लिहिता आला, देवस्थानचा कागद वाचता आला की शिक्षण पुरे. स्वतःच्या मनातले चार वाक्यांत मांडणे हा लेखनाचा भाग नव्हताच. आपल्या शाळांत अजूनही ‘लेखन’ म्हटले की वळणदार अक्षर आणि फळ्यावरून उतरवणे एवढेच डोळ्यांपुढे येते. मला तरी हा त्या ओसरीचाच वारसा वाटतो.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. त्यानंतर मराठी शाळांची लाटच आली. पणजीत मुष्टीफंड संस्था १९०८ पासून होतीच. घरटी मूठभर तांदूळ गोळा करून मुलांच्या शिक्षणाची सोय करायची, हे तिच्या नावातच आहे. फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ मध्ये शाळा काढली आणि तिला नाव दिले आंतोनियो जुझे द आल्मेदा या पोर्तुगीज प्रजासत्ताकवादी नेत्याचे. मराठी पोरांच्या शाळेवर लिस्बनच्या पुढाऱ्याचे नाव! यात कृतज्ञता होती आणि थोडा व्यवहारही असावा. मडगाव, पणजी, फोंडा इथल्या या संस्थांनी शेणवीमामाच्या ओसरीला बाके, वेळापत्रक आणि वाचनालय दिले.

इंग्रजीची वाट निराळी. बार्देश-सासष्टीतले लोक पोटापाण्यासाठी मुंबईला, आफ्रिकेला, बोटींवर जात. तिथे पणजीच्या लिसेवचे, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेचे, पोर्तुगीज शिक्षण फारसे कामाला येत नसे, हवी असे मुंबईची मॅट्रिक. हडफड्याला फादर विल्यम लायन्स यांनी १८८७ मध्ये सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा सुरू केली ती याच गरजेतून. पुढे मराठी शाळा चालवणाऱ्या संस्थांनीही इंग्रजी हायस्कुले काढली, कारण मॅट्रिकची गरज त्यांच्या मुलांनाही तितकीच होती. म्हणजे मुक्तीच्या आधीच ‘लहानपणी मराठी, मोठेपणी इंग्रजी’ हा शिरस्ता पडला होता. फक्त तो थोड्या घरांपुरता होता.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्तेतून गोवा मुक्त झाल्यानंतर तो सगळ्यांचा झाला. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, त्यातल्या बहुसंख्य मराठी. ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती त्या घरांतली मुले, विशेषतः मुली, शाळेत बसल्या. त्या पिढीच्या वाचनाला वर्तमानपत्राचीही साथ मिळाली. ‘गोमन्तक’ दैनिक १९६२ मध्येच निघाले होते, बा. द. सातोसकर त्याचे पहिले संपादक. हायस्कुले मात्र खाजगी संस्थांची, अनुदानावर चालणारी आणि मोजके अपवाद सोडता इंग्रजी माध्यमाची राहिली. १९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे माध्यमिक शिक्षण मंडळ आले तरी हा सांधा तसाच राहिला.

त्यानंतरचे भाषेचे राजकारण सर्वांना पाठ आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल, कोंकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा. शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९०. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले आणि चर्चच्या अनेक शाळा कोंकणी माध्यमाकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदानाची दारे उघडली, तेव्हा त्याला विरोध करत भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. भांडण कडाक्याचे झाले, पण सगळे पहिली ते चौथीबद्दल. पाचवीत माध्यम बदलणाऱ्या मुलाला एखादे सेतू-वर्ष द्यावे, विज्ञानाच्या संज्ञा वर्षभर दोन्ही भाषांत शिकवाव्यात, हे त्या गदारोळात कुणाच्या मागणीपत्रकाच्या मथळ्यावर आले नाही.

आणि नेमक्या याच वयात वाचनाचे काम बदलते. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते, पाचवीपासून वाचून शिकायचे असते. उताऱ्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, लेखक काय सांगतो आणि काय गृहीत धरतो, हे ओळखायचे असते. आपल्याकडे नेमके तेव्हाच पायाखालची भाषा काढून घेतली जाते.

मराठीच्या वहीतही वेगळी स्थिती नाही. ‘मामा गावाहून आलो’ असे सहावीतले मूल लिहिते. शिक्षिका लाल रेघ मारून ‘आला’ करतात. कोंकणीत मामा ‘आयलो’ हेच बरोबर, हे मात्र सांगत नाहीत. ते सांगितले तर मुलाला दोन्ही व्याकरणे एकदम उमगतील. निबंधाची गत आणखी मजेशीर. ‘माझा आवडता सण’ या विषयावर गाइडमधले उकडीचे मोदक आणि मंडळाचे ढोल-ताशे उतरतात. घरच्या चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळांची आरास, तिच्यात बांधलेला कांगला, आंबाडे, सुपारीचा घड, नेवऱ्या-पातोळ्या यांतले काही वहीत येत नाही. तोंडी विचारले तर हीच मुलगी रानातून काय काय आणले ते न थांबता सांगते. काही शिक्षिका आता आधी असे सांगायला लावून मग तेच लिहून घेतात. माझ्या मते इथल्या मुलांसाठी लेखनाची यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा मधला टप्पा वेगळा मानला आणि शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावे असे म्हटले. गोव्यात ते अमलात आणायचे तर प्रश्न केवळ माध्यमाचा उरत नाही. इंग्रजी हायस्कुलांत गणित-विज्ञान मराठीतून किंवा कोंकणीतून शिकवू शकणारे शिक्षक लागतील आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके लागतील. त्याच वेळी गावातल्या मराठी शाळांचे पट घसरत आहेत आणि पालक पहिलीपासूनच इंग्रजी शाळेची वाट धरत आहेत.