केमो चालू असताना डोकं धुक्यात गेल्यासारखं झालं तर काय खायला द्यायचं

ब्रेस्ट कॅन्सरची केमो सुरू झाली की केस जाणार, मळमळणार हे सगळेच सांगतात, पण गॅसवर दूध ठेवून विसरणं, ओळखीच्या बाईचं नाव ओठावर येऊन अडकणं, हिशेब करताना मधेच गोंधळणं, हे आधी कुणीच सांगत नाही आणि मग ती बिचारी मनातल्या मनात घाबरते की मला वेड लागतंय काय. तसं काही नसतं ओ. याला केमो ब्रेन म्हणतात, हा मनाचा खेळ नव्हे, आणि काहीजणींना तर केमोच्या आधीपासूनच किंवा नंतर हार्मोनच्या गोळ्यांवरही असं होतं.

कारण एकच नसतं. शरीरात सूज वाढवणारी रसायनं वाढतात, हिमोग्लोबिन उतरतं, केमोसोबत देतात त्या स्टेरॉईडमुळं झोप मोडते आणि शुगर वर जाते, त्यात काळजी असतेच. आपला मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ २० टक्के. अशावेळी आपल्याकडं काय करतात तर पथ्य! मटण बंद, अंडी बंद, दूध बंद, नुसती पेज द्यायची. मला याचा मनापासून राग येतो, कारण बाई आधीच अशक्त असते आणि आपण तिचं प्रोटीनच काढून घेतो.

तोंड आलं असेल तर तांबडा रस्सा आणि खर्डा काही दिवस बाजूला ठेवा, पण पांढरा रस्सा मिरची-मिरी कमी करून दिला तर चालतो, सोबत नीट शिजलेलं मऊ मटण. मटण नको वाटलं तर उकडलेलं अंडं, मुगाचं वरण, पिठलं, पनीर. एकदम ताट भरून नको, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आणि पाणी विसरू नका, कारण शरीरात पाणी कमी पडलं तरी लक्ष लागत नाही. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह कमी शोषलं जातं, त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळा.

कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर मिळतं तसं धारोष्ण, म्हणजे नुकतंच काढलेलं कच्चं दूध मात्र या काळात अजिबात नको. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा कच्च्या दुधातले जंतू महागात पडतात. दूध उकळूनच द्या. गाड्यावरचा उसाचा रस, बाहेरची कापलेली फळं पण नकोत.

मेंदूसाठीचा म्हणून माइंड डाएट २०१५ पासून गाजतोय, शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीतला, पालेभाजी, कडधान्य, अख्खं धान्य, सुका मेवा, मासे असा. तो मुळात म्हातारपणीच्या विसराळूपणासाठी होता, आणि २०२३ मधे ३ वर्षांच्या चाचणीत त्याचा तुलनेच्या गटापेक्षा खास जास्त फायदा दिसला नाही, त्यामुळं अमुक खाल्लं की स्मरणशक्ती परत असं कोण विकत असेल तर विश्वास ठेवू नका. तरी मेथी-चाकवत, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, चार अक्रोड हे जेवण चांगलंच आहे, अंगात ताकद राहते, पोट साफ राहतं, आणि आपल्या घरात ते आधीपासूनच आहे.

हळदीच्या कॅप्सूल, अँटिऑक्सिडंट पावडरी, कुणीतरी दिलेला काढा हे मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, काही गोष्टी औषधाच्या कामात अडथळा आणू शकतात. भाजीतली हळद चालू दे. विसरणं फार वाढलं तर हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉईड तपासायला सांगा, यातलं काही निघालं तर त्यावर इलाज आहे. आणि अचानक बोलणं अडखळलं, माणसं ओळखेना झाली किंवा गोंधळासोबत ताप आला तर खाण्यापिण्याचे उपाय करत बसू नका, त्याच क्षणी दवाखान्यात घेऊन जा.